तिसरा तीळ

शाळेतली मुलं हल्ली ती कविता घोकतात.
मास्तर छडी टेकवून सांगतात, ही जी कोणी आहे ना,
ती म्हणजे आपली भूमी.
मी कुंपणाअलीकडे मासे वाळत घालत असते.
ऐकते. मासे उलटते.

त्या भूमीला तेव्हा एकोणिसावं लागलं होतं
आणि तिच्या टाचांना भेगा होत्या.

हेर्वासिओ छापखान्यात खिळे जुळवायचा.
उलटी अक्षरं वाचायची सवय,
माणसांकडेही उलटंच बघायचा :
आधी मान, मग कान, डोळ्यांपर्यंत पोचेतो
मी नदीच्या वळणापलीकडे गेलेली असायची.
तरी त्यानं सगळं टिपलं.
रेड्याच्या शिंगाचा माझा कंगवा, आठ दात उरलेला.
निळा घागरा, कारण निळीचं कापडच तेवढं परवडायचं.
त्याला लाल काठ, आईच्या फाटक्या वस्त्राचा.
मानेवरचे तीळ.
बास. चौदा ओळी. चंद्रबिंद्र काही नाही.

नवे साहेब येऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.
आधीच्यांनी क्रूस आणला होता, यांनी पाट्या आणल्या,
आणि आमचा झेंडा घरात ठेवायचीही बंदी.
मामानं तो उशीच्या अभ्र्यात शिवला
आणि त्यावर डोकं ठेवून झोपेनासा झाला.

कोर्टात दुभाष्यानं कविता वाचली.
निळा, लाल. साहेबानं मान हलवली.
कंगव्याचे आठ दात, म्हणजे सूर्याचे आठ किरण.
मानेवरचे तीन तीळ, म्हणजे तीन तारे.
साहेबानं बोटांवर मोजलं. हिशेब चोख होता.

मग त्यानं विचारलं, यातली ही 'सिया' कोण?
तो, ती की ते?
आमच्याकडे तिघांना मिळून एकच शब्द.
दुभाष्याला घाम फुटला.

एक नाव घेतलं असतं तर सुटला असता.
पोतेन्सियाना. पाच अक्षरं.
पण माझं भातगिरणीवाल्याकडे ठरलं होतं,
येत्या रविवारी देवळात लग्नाची शेवटची पुकार.
मी मागच्या बाकावर, डोक्यावरून ओढणी,
हातातल्या पंख्याच्या काड्या एकेक मोडत.

तो म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणता तेच."

दोन वर्षं झाली त्याला.
गाव म्हणालं, देशासाठी गेला.
मी कुणाला सांगू, माझ्यासाठी?
नवरा भला माणूस. पोती शिवताना
तीच कविता म्हणायचा, मोठ्यानं.
सुरात नाही, पण एकही ओळ न चुकता.

पहिल्या बाळंतपणानंतर त्यानं मनिलाहून आरसा आणला.
तोवर मी स्वतःला पाण्यात आणि ताटात पाहिलेलं.
केस वर बांधले, मान वळवली, मोजले.
एक. दोन.
पुन्हा मोजले. सासूला मोजायला लावले,
काहीतरी चावलंय असं सांगून.
दोनच.

तिसरा त्यानं घातला होता.
खिळे जुळवणारा माणूस तो,
त्याच्या हातून चुकून टिंबसुद्धा पडायचं नाही.
मग मी त्यात होते किती?
की मी सगळीच होते, आणि वर अजून कोणी?
हे विचारायला त्याच्या दारात गेले असते,
तर काय म्हणून गेले असते?

अकरा वर्षांनी बंदी उठली.
चौकात बँड, भाजलेलं डुक्कर, घरोघरचे अभ्रे उसवलेले.
तोही आला होता, एका कानानं बहिरा,
टोपी छातीशी, शेजारी बायको.
झेंडा वर चढला, सगळे वर बघू लागले.

घरून निघताना मी दिव्याच्या काचेची काजळी
बोटावर घेतली होती,
अंदाजानं मानेला टेकवली होती,
कुठे असायला हवा ते ठाऊक नसताना.

ऊन फार होतं.
नवरा म्हणाला, मानेवरून हे काय ओघळलंय गं,
आणि रुमालानं पुसलं.