समानार्थी शब्द

आंघोळ करताना बोटाला लागलं.
ज्वारीच्या दाण्याएवढं. दुखत नाही.
दुखलं असतं तर बरं होतं,
दुखण्याचं निदान सांगता येतं.

पुळी, पुटकुळी, फोड, मस, चामखीळ, गाठ.
एकतीस वर्षं मराठी शिकवलं.
समानार्थी शब्द लिहा, प्रत्येकी अर्धा गुण.
आणि हे जिथं आलंय त्या जागेला
माझ्याकडे एक धड शब्द नाही.
एक आहे संस्कृतातला, सोवळ्यात बसलेला.
एक शिवीतला, मुलं बाकावर कोरायची
आणि मीच पट्टी घेऊन खरडून घ्यायचे.
उरलं 'तिथं'.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात.
जावई नाही मला. पण सहकारनगरात
दर दवाखान्यात माझा एक विद्यार्थी बसलेला.
म्हणून हडपसर.
स्वारगेटहून बस. पुलगेटला खिडकी मिळाली.
पर्स मांडीवर घट्ट,
जणू कुणी आरपार बघेल.

समुपदेशक पोरगेलीच. फॉर्मात मान घालून विचारते,
लग्न?
झालं होतं.
मिस्टर?
जाऊन नऊ वर्षं.
मग संबंध?

पंखा फिरतो. मी भिंतीवरचा तक्ता वाचते.
'वेळेवर उपचार घेतल्यास पुर्ण बरा होतो.'
पू दीर्घ हवा.
तळजाईवर सकाळी फिरायला येणारा हेरंब,
थर्मासमध्ये गवती चहा,
दोन झाकणं, दुसरं कधीपासून आणायला लागला
ते मी विचारलंच नाही.
"एकच," मी म्हणते. "सात वेळा."
किती वेळा, हे तिनं विचारलं नव्हतं.

पडद्याआड रक्त घ्यायला बसले
तर सुई हातात धरून,
"बाई? मी तांबोळी. शबनम. दहावी ब."
पळावं तर दंडाला रबर बांधलेलं.
हिला मी तोंडी परीक्षेत
पाचपैकी एक दिला होता,
तोंडातून शब्द काढेना म्हणून.
आजही काढला नाही.
"मूठ आवळा, बाई." मग थोड्या वेळानं,
"बाटलीवर नाव नसतं. नंबर असतो."
बैठक क्रमांक, मी म्हटलं.
हसली. कापूस दाबून धरला तिनंच,
लागतो त्याहून जरा जास्त.

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला, पाहिलं.
"केसाच्या मुळाशी आलेलं असेल. नसेलही.
रिपोर्ट गुरुवारी. तेव्हा त्यांनाही घेऊन या."

त्यांनाही.
नामाऐवजी येतं ते सर्वनाम.

परतीच्या बसमध्ये फातिमानगरला अडकलो.
हेरंब, उद्या टेकडी नको. खोडलं.
हेरंब, तिथं एक. खोडलं.
कंडक्टर सुटे मागत होता, आज माझ्याकडे भरपूर होते.
मग एका दमात लिहिलं,
'गुरुवारच्या आत तुझी गाठ पडायला हवी.'

वाचलं. गाठ.
एवढ्या शब्दांतून हाच सापडला.
इतकी हसले की शेजारचीनं पिशवी सरकवली.

खोडला नाही. पाठवला.