पहाटेची हवा

इब्रीच्या हमरस्त्यावर, दुपारी दोनला,
झुवैनाला एकवीस इंची चाकं हवी होती,
काळी, आरशासारखी.
खल्फानने नुसती मान हलवली.

"गाडी विजेची. पोटात बॅटरी,
धष्टपुष्ट उंटाएवढी जड.
ती पेलायची बोटभर रबरावर,
आणि खाली हा डांबराचा तवा?
एकोणीस घे. कड उंच राहू दे.
चार्जही फहूदपर्यंत पुरेल.
आणि तारीख वाच."

टायरच्या कुशीवर चार आकडे:
आठवडा, साल.
"न धावताही रबर म्हातारं होतं, बाई,
उन्हात नुसतं उभं राहून."

ती काही बोलली नाही.
अंगणात भावाची पिकअप आहे,
तो गेला तेव्हा लावली होती तशीच,
चारी चाकं वाळूत टेकलेली.

एकोणीसच घेतली. राखाडी,
जराशी बावळट दिसणारी.

"हवा पहाटे बघत जा," पैसे मोजता मोजता तो,
"रबर गार असताना.
दुपारी काटा खोटं बोलतो."

म्हणून आता फजरनंतर, अनवाणी,
ती गेज लावते
चार चाकांना.
मग पिकअपच्याही एका.

शून्य.

रोज वाकून वाचते.