रात्रपाळी, पुन्ता अरेनास

वारा खिडकीला खांदा लावून उभा.
सात नंबरच्या उशाशी स्क्रीन म्हणतो: धोका चार टक्के.
एदुविहिस मान हलवते,
नव्या डॉक्टरपुढे हलवते तशीच. हो ना, हो.

मग पांघरुणाखाली हात घालून
अन्सेल्मोचे तळपाय चाचपते. गार.
मेंढ्या भादरण्यात जन्म गेलेला हा म्हातारा
आज कडू चहा मागायला विसरला,
आणि तिला ‘पोरी’ नाही,
‘बाई’ म्हणाला.
हे कुठल्या रकान्यात भरायचं?

ती डॉक्टरला उठवते.

मार्चमधलं मात्र कुणाला सांगत नाही.
तेव्हा यंत्र लाल झालं होतं
आणि हिनंच, याला काय कळतंय म्हणत,
त्याची टिंगटिंग बंद केली होती.
अकरा नंबर. गालावर खळी होती तिच्या.

तेव्हापासून दोघं जागतात
एका चुलीवरच्या जावांसारखी,
बोलणं कामापुरतं,
डोळा एकमेकींच्या हातावर.

पहाटे नोंद.
‘कारण निवडा’, यादी विचारते.
सगळी यादी खालपर्यंत वाचून
ती ‘इतर’वर बोट ठेवते,
कोऱ्या चौकटीत लिहिते:
पाय गार. बाई म्हणाला.