सोल्युशन

मे महिन्यात अमळनेरला
बाँडची बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागते,
अंड्यांच्या खणात, पन्ह्याच्या शेजारी.
जळगावहून यष्टीच्या पार्सलात येते ती,
आणि कंडक्टरला मी दर वेळी सांगते,
बॉनेटवर नको ठेवू, भाऊ.
पाच मिलिलिटर.
माझ्या जुन्या स्कूटरचे दोन्ही टायर आले असते तेवढ्यात.

सुकलाल बडगुजर आले ते
तुटका दात पानाच्या कागदात बांधून.
चाळीस वर्षं पंक्चर काढली, दगडी दरवाजापाशी,
चाळीस वर्षं सोल्युशनच्या ट्यूबचं बूच
दातांनी उघडलं.
वरचा, समोरचा. निम्मा गेला.
कागदात दोन कपऱ्या आणि भुगा.
"भरीतले दात लागतस नहीत, ताई," म्हणाले,
"कळनानी भाकर तोडाले लागतस."

मी शिकले तेव्हा चांदी आणि पारा होता.
तो चिकटत नसे, अडकून बसे.
त्याला अडकवायला आम्ही चांगला दात कोरायचो,
वर अरुंद, खाली रुंद,
मातीच्या माठासारखा खळगा.
किडीपेक्षा कधी कधी आम्हीच जास्त नेलं.
परीक्षेत त्याचे गुण मिळत.

आता हे निळं आम्ल. पंधरा सेकंद.
मग पाणी.
सुकलालभाऊ हातातल्या आरशात बघत होते,
चूळ भरली आणि म्हणाले,
"तुमनं सोल्युशन बी आमनासारखंच शे.
पयले घासनं, मंग लावनं, मंग वाट देखनी.
दुनिया घाई करस, नि ठिगळ निंघी जास."

इथवर आमचं जमलं.
पण मी हवेची नळी लवकर बाजूला केली
तसे ते खुर्चीत अर्धे उठले.
"वल्लं ठेवं ते धरस का कधी?"

धरतं.
दाताच्या आत तंतूंचं जाळं असतं,
पार सुकवलं की ते खाली बसतं,
मांडव काढून घेतलेल्या कारल्याच्या वेलासारखं,
मग राळ कुठून आत शिरणार?
आणि या थेंबातला रेणू दोन तोंडांचा,
एक पाण्याकडे, एक राळेकडे,
शाळेत मराठी अन् घरी अहिराणी बोलणाऱ्या पोरासारखा.
त्याला ओल हवी. थोडी. चकाकेल इतकीच.

हे सगळं मी सांगितलं नाही.
त्यांचं तोंड उघडं होतं,
आणि उघड्या तोंडाच्या माणसाशी वाद घालणं बरं नाही.

मग राळेचा थर, त्यात काचेची पूड.
रंग ए-तीन, म्हणजे चहा, बिडी आणि साठी.
निळा उजेड वीस सेकंद.
पुन्हा थर. पुन्हा उजेड.
एकदम भरला तर घट्ट होताना आकसतो
आणि कडेला फट सोडून जातो,
म्हणून थोडं थोडं.
मध्येच वीज गेली. दिवा बॅटरीवर होता,
पंखा नव्हता.
दोघांच्या कपाळावरून घाम,
आणि ओठ ओढून धरलेलं माझं बोट.

किती टिकेल, त्यांनी विचारलं.
मी पाच-सात वर्षं म्हटलं.
हे नाही म्हटलं, की पाण्याला जवळ घेणारं जे तोंड
तेच पुढे पाण्यानं सैल होतं,
त्यावर अजून कुठे कुठे लोक काम करताहेत.

पैसे देताना ते थांबले. वाकले.
खुर्चीखाली कॉम्प्रेसरची नळी
तीन महिने फुसफुसत होती,
मला ऐकू येणं बंद झालेलं.
पिशवीतून कानस काढली, ट्यूब काढली,
बूच तोंडाकडे नेलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि बोटांनी फिरवलं.
घासलं, लावलं, फुंकर मारली,
पार कोरडं होईतो बसून राहिले
बाहेरचे तीन पेशंट ताटकळत ठेवून.

सहा महिन्यांनी तपासायला आले.
दात जागेवर. कडेला चहाची बारीक रेघ.
भाकरी तुटते, म्हणाले, फक्त शेंगदाणे जपून.
मग आधी खाली वाकून
नळीवरून अंगठा फिरवला.