मध्यंतरानंतरचं

माझ्या पहिल्या परीक्षणात
नितांत, तरल आणि विलोभनीय
एकाच वाक्यात बसले होते.
सायकल स्टँडवरच्या सुपडू बडगुजरनं
बिल्ल्यांची पेटी मांडीवर घेऊन
अंक मोठ्यानं वाचला, शेवटपर्यंत,
आणि म्हणाला,
‘बठ्ठं गोड शे भो, पन पिच्चर कोठे शे?’

त्याचं स्वतःचं मोजमाप होतं:
मध्यंतराला किती सायकली सुटल्या.
गाणं लागल्यावर फुटाणे घ्यायला येणारे वेगळे,
कुलूप काढून पायडल मारणारे वेगळे.
तो आकडा मी कधी छापला नाही.
परीक्षणाच्या शेजारीच टॉकीजची जाहिरात असायची
आणि संपादक नेव्यांच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं.

तू विचारतेस, परीक्षणाला काही साचा असतो का.
असतो. नेव्यांनी दिलेला अजून माझ्याकडे आहे,
पोस्टकार्डाच्या मागे:
कथा आठ ओळी, अभिनय पाच,
संगीत दोन (बरं असेल तर तीन),
शेवट सांगू नये.

पण मला शिकवलं ते तायडे गार्डनं.
चाळीसगाव-धुळे पॅसेंजर त्याच्याकडे.
तीनचा खेळ, साडेचारला मध्यंतर, पाचला गाडी.
नायिका संकटात पडली की हा उठायचा,
काखेत झेंड्या, गळ्यात शिट्टी,
लोकांचे गुडघे चुकवत बाहेर.
आणि रात्री परत आल्यावर
फलाटावर मला गाठायचा,
उरलेला अर्धा मागायला.

एकदा म्हणाला,
‘त्या पोरनं शिवायनं मशीन गहाण पडेल व्हतं.
तिले भेटनं का?’

मी वही चाळली.
प्रकाशयोजना होती. संकलनाला एक टोमणा होता.
कॅमेरा जिना चढतो त्यावर पाऊण पान.
मशीन नव्हतं.
मी अंधारात मान खाली घालून लिहीत होतो
तेव्हा कुणीतरी ते आणून ठेवलं असेल,
किंवा नसेल.

‘भेटनं,’ मी म्हणालो.

तायडे इतका हसला
की डब्यातली उरलेली कळण्याची भाकरी
त्यानं मला अर्धी मोडून दिली. ठेच्यासकट.
मी खाल्ली. आणखी काय करणार?

दुसऱ्या दिवशी वही घरी ठेवून
पदरचं तिकीट काढलं.
मशीन सावकाराच्या ओट्यावरच राहतं.
ती पोर शेवटी रेशनच्या रांगेत उभी दिसते,
हातात पिशवी, चेहऱ्यावर काही नाही,
आणि तिचा उजवा पाय
जमीन दाबतोय, सोडतोय, दाबतोय,
खाली पायटा असल्यासारखा.
एवढंच. मग दिवे लागतात.

त्या पायावर मी एक ओळ लिहिली,
विशेषण नसलेली, माझी पहिली.
नेव्यांनी ती काढली. नियम म्हणजे नियम.
आणि तायडेला सांगायचं राहूनच गेलं.
त्याच्या घरी मशीन परत आलं होतं,
ते मी कोणत्या तोंडानं उचलून आणू?

तायडे निवृत्त झाला त्या वर्षी
तोच सिनेमा पुन्हा लागला, घासलेल्या रिळांचा,
अर्ध्या दरात.
या खेपेला त्याला कुठली गाडी नव्हती.
मी सुपडूजवळ बाकड्यावर बसून राहिलो,
आत जायचा धीर झाला नाही.
खेळ सुटला. तायडेनं बिल्ला दिला,
सायकल ओढली, स्टँड पाडला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
‘तुना शेवट बरा व्हता.’

चार पावलं गेला. मग वळून:
‘पन तो पाय? तो काबरं नही सांगा?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
तुझ्या प्रश्नालाही फारसं नाही.
तो पाय सांग, बाकी जागा उरली तर बघ.

त्या दिवशी मध्यंतराला तीन सायकली सुटल्या.
मी मोजल्या होत्या.