अर्धं पोट

क्लांगच्या जुन्या पुलाखाली आमचं चुलाण
पहाटे साडेचारला पेटतं.
बाप डुकराच्या बरगड्यांना एक उकळी देतो, ते पाणी फेकतो,
मग लसणीचे अख्खे गड्डे, सालीसकट,
आणि फडक्यात बांधलेली पुरचुंडी:
मिरी, चक्रीफूल, दालचिनी, कसल्या कसल्या मुळ्या
ज्यांची नावं मला फक्त होक्कियनमध्ये येतात,
तीही धड नाहीत.
सहाला गोदीवरची माणसं येतात.
वाडगा, भात, कडक चहा.
कुणी बोलत नाही. हाडं तेवढी बोलतात
पत्र्याच्या ताटलीत.

मी पलीकडच्या गाळ्यात आइस्क्रीम विकते.
बापाच्या मते हा धंदा नव्हे, भातुकली.
ड्युरियन खपतं. ड्युरियन कुठंही चालतं,
फक्त बसमध्ये घेऊन चढू देत नाहीत.
आंबवलेल्या कोळंबीचं एकदा केलं,
एका पोरानं चाटलं आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं काही मी त्याची सायकल विकलीय.
सोया सॉसचं मात्र, कुणाला सांगू नका, बरं झालं होतं.

आमच्या दोघांच्या मधे मिस्बाहकाकाचं पंक्चरचं दुकान.
एकतीस वर्षं तो आमचा रस्सा
नाकानं जेवतोय.
वासानं अर्धं पोट भरतं म्हणतात.
उरलेलं अर्धं तो घरून डब्यात आणतो,
भात, सुकी मासळी, लालभडक सांबल.
रमझानमध्ये बाप पंख्याचं तोंड नदीकडे फिरवतो.
कुणी सांगितलं नव्हतं.
कुणी आभारही मानले नाहीत.

गेल्या आठवड्यात आईच्या हातची चिठ्ठी सापडली,
औषधी दुकानाची यादी, तेलानं आरपार दिसणारी.
त्या सगळ्या मुळ्या मी नारळाच्या दुधात उकळल्या.
पातेलं नवं घेतलं. किमतीचं लेबल मुद्दाम
काढलं नाही, त्याला दिसावं म्हणून.
‘बरगडी?’ त्यानं विचारलं.
‘नाही.’
‘चरबी?’
‘नारळाची.’
त्यानं हात धुतले, ग्रीस निघेना, पुन्हा धुतले,
एका ट्रकच्या टायरवर बसला
आणि डोळे मिटून खाल्लं,
किल्ली हरवलेला माणूस खिसे चाचपतो तसं,
सावकाश, एकेक.

मला वाटलं, म्हणेल, असं असतं होय ते!
म्हणाला, ‘यात ती गोडसर मुळी आहे.
तिकडे नसते आता.
तुझी आई गेल्यापासून नाही.’

तिकडे. म्हणजे बापाच्या पातेल्यात.
दिवसाला तीनशे वाडगे जातात.
तीनशे जिभांना, आणि माझ्याही,
दोन वर्षांत कळलं नव्हतं.

मी बापाला काही बोलले नाही. काकाच बोलला असणार,
कारण दुपारी, भांडी घासून झाल्यावर,
बाप काकाच्या दारावरून इकडे आला
रश्शाचा तो पसरट, चिनी मातीचा चमचा घेऊन.
उभ्यानं खाल्लं.
‘थंड आहे,’ म्हणाला.
चमचा बराच वेळ तोंडातच होता.
‘महाग झाली होती ती मुळी.’
आणि जाता जाता, पाठमोरा,
‘त्या दुकानात तीच जायची ना.’

ते आइस्क्रीम काही चाललं नाही.
शुक्रवारपर्यंत नऊ कप, त्यातले चार काकाचे,
रोख.
फळ्यावरचं नाव अजून पुसलेलं नाही.

सोमवारी मी पहाटेच शटर वर केलं.
काका जॅक लावता लावता थांबला होता,
नाक वर, नदीकडच्या वाऱ्यात.
मग वाकला
आणि चाक उचलायला लागला.