कारण: इतर

रात्री सव्वादोनला फोन. बेटावरच्या दवाखान्यातून एदुविना.
"पडदा गोठलाय," म्हणाली,
"आणि बाई कळा देतेय."

मी कास्त्रोत, हीटरला पाय लावून.
नेहमीचा प्रश्न ओठांवर आला:
बंद करून चालू केलंत का?
गिळला.

"छपरावरची तबकडी बघ."
फोनमध्ये नुसता वारा, शिडीची करकर, कुणाचं तरी कुत्रं, मग धापा.
"मान टाकलीय तिनं. कोंबडीसारखी."

मग दोघांनी मिळून ती फिरवली.
तिच्या हातात पाना,
माझ्यासमोर एक हिरवी पट्टी.
"चर्चचा दिवा दिसतो? त्याच्या जरा डावीकडे.
पुढे गेलीस. मागे ये. केसभर."
बारा टक्के. एकतीस.
"तिथंच! आता आवळ."

सोनोग्राफीचं चित्र आलं
ओळीवर ओळ, टाक्यावर टाका,
लोकरीचं काही विणत यावं तसं.
इकडे डॉक्टर ओयार्सुन चष्मा पुसत वाकली.
"पायाळू आहे. उजाडायची वाट नको,
लाँच आत्ताच सोडा."

तिकीट बंद करायचं होतं.
कारणाच्या रकान्यात निवडायला अकरा शब्द,
त्यांत वारा नव्हता.
'इतर' लिहिलं. वेळ: सव्वीस मिनिटं.
पुढं काय झालं, याला रकानाच नाही.

गुरुवारी पुन्हा तीच. प्रिंटर अडकलाय.
"मुलगी झाली," म्हणाली,
"आणि हो, बंद करून चालू करून झालंय."